दोन सूत

आमच्या घरातलं पुस्तकांचं कपाट सुताराच्या चुकीनं पडलं, असं मी तीन वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे.

आराखडा माझा. साडेसहा फूट उंच, जेमतेम फूटभर खोल, खालून झाडू फिरावा म्हणून बारीक, उंच पाय. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या सुतारानं माझा कागद उलटसुलट करून पाहिला. "सर, कपाट करायचं का बगळा?" पण केलं. पाय जाड घेतले, जरा बाहेर फाकवले, आणि घरी उभं करून देताना बजावलं, "पायाला हात नका लावू."

मी गणित शिकवतो. तो गेल्यावर पट्टी घेऊन बसलो. पुढचे पाय मागच्यांपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त भरले. वाटलं, घाईत चुकला. बायको माहेरी गेली होती. रिकामं कपाट आडवं पाडलं आणि पुढचे पाय कापून बराबर केले. आमची फरशी भिंतीपासून मोरीकडे उतरती आहे. त्या दोन सुतांमुळेच कपाट भिंतीला रेलून होतं. हे मला नंतर कळलं.

आठवड्याभरात बायकोनं वरच्या फळीवरचं घट्ट बसलेलं पुस्तक ओढलं आणि भरलेलं कपाट तिच्या अंगावर आलं. मनगट मोडलं.

सुतार आला. वाकून पायांच्या बुडावरून अंगठा फिरवला. ताजी कापणी त्याला कळणारच. माझ्याकडे एकदा पाहिलं. समोर बायको प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेली.

"चुकलं असंल माझं, ताई," तो म्हणाला. पाय बदलून गेला. मी फक्त चहा घ्या म्हणालो. पुढे शाळेला कपाटं करायची होती, मला त्याच्याबद्दल विचारलं, तेव्हाही त्याचं काम कच्चं असतं असंच बोललो. शाळेची कपाटं हिंगोलीहून आली.

परवा लेकीच्या खोलीत कपाट करायचं निघालं. बायको म्हणाली, "त्याच्याकडं नको. माझा हात मोडला त्यानं." तेव्हा सांगितलं.

ती मनगट चोळत बसली. "म्हंजी तीन वर्षं मी त्या माणसाला शिव्या देऊन राहिले, अन् तुमी आयकून राहिले? काहून?"

मी त्याच्याकडे जायला चपला पायात सरकवल्या.

"उद्या जाऊ. पण दुकानात गिऱ्हाईक असलं तरच बोला. न्हाई तं थांबू."

दुकानात कोणी नव्हतं. सुतारानं बाकावरचा भुसा झटकला, चहा सांगितला. बायको माझ्याकडे न बघता चहा प्यायली. बऱ्याच वेळानं एक जण दाराची चौकट सांगायला आला.

मी बोलायला उठलो.