हवेतली इस्त्री

उज्जैनच्या माधव नगरात आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं तोवर कधी कपडा जाळला नव्हता. मोबाईलवर आवडती ओळ आली की तो कोळशाची जड इस्त्री हवेत उचलायचा आणि ओळ संपल्यावरच खाली टेकवायचा. गाणी एकाच म्हाताऱ्या गीतकाराची. जन्मभर इतरांसाठी लिहून हा गृहस्थ आता स्वतः गातो.

भाचीच्या साखरपुड्याची साडी घेऊन गेले. तो ती पसरून इस्त्री फिरवत होता, तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, यांनी फक्त लिहावं. आवाज फाटका आहे."

"फाटका तर आहेच, ताई!" तो उसळला. "पण ज्यानं लिहिलं त्यालाच मालूम असतं, कुठे थांबायचं. आणि दुसऱ्याचं गाणं गातो ना, तर एकदम पाहुण्यासारखा, पाय धुऊन आत येतो. थांबा, ऐकवतोच!"

त्यानं इस्त्री टेकवून मोबाईलचा आवाज वाढवला. म्हातारा एका शब्दापाशी थांबला. आम्हीही थांबलो.

कडवं संपल्यावर पाहतो तर इस्त्री साडीवरच! पदरावर तिच्याएवढा तपकिरी डाग. त्यानं दोन्ही कान धरले.

धूर माझ्याच नाकाखाली निघत होता. रागवायला तोंड उघडलं, तर बाहेर पडलं, "पुन्हा लावा."