नदीचं कुठी लिहिलं हाये?

“इथी थांबली मी.”

बाईंचं हे वाक्य आमच्या दवाखान्यात सगळ्यांना पाठ होतं. मांडीवर पवित्र शास्त्र उघडलेलं आणि डाव्या हाताचं बोट एका ओळीवर असं दाबलेलं, की बोट उचललं तर ओळ पळून जाईल. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं मलमपट्टीची चिंधी गुंडाळलेली. दुपारी वॉर्ड झोपला की त्या व्हरांड्यात येऊन बसत. जाता-येता कुणी विचारलं, “काय बाई, कुठवर आलं?” तर बोट न हलवता म्हणत, “इथी थांबली मी.” कधी कधी त्या एका ओळीवर अख्खा उन्हाळा थांबत.

तुम्हाला वाटेल, वाचायला अडखळत असतील. मुळीच नाही. मिशनच्या दवाखान्यातल्या त्या जुन्या नर्स, आणि वाचायच्या माझ्याइतकंच झरझर. मी तेव्हा नागपूरहून बी. ए. होऊन नुकताच अहेरीला परतलो होतो आणि शाळेत भूगोल शिकवत होतो. माझा बाप त्याच दवाखान्यात माळी. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणाला सही करता येत नव्हती. त्यामुळं मी बी. ए. आहे हे मी जरा मोठ्यानंच सांगत असे, आजही सांगतो. बाई मला त्याच नावानं हाक मारत. मी फार ताठ चाललो की सगळ्यांसमोर म्हणत, “ए बी. ए., तुले जन्मल्यावर पहिला धपका मीच मारला होता. तवा तू लय रडला.”

त्यांचा एक नियम होता. जी ओळ मनाला पटली नाही, ती ओलांडायची नाही. “पाद्रीसाहेबानं सांगतलं, ते ऐकलेलं झालं. माह्यं नाई झालं अजून,” असं म्हणत.

क्षमेच्या ओळीवर त्या अशाच अडल्या होत्या. दवाखान्याचा स्वयंपाकी लेकरांची दूधपावडर चोरायचा. बाई त्याच्याशी बोलणं तर सोडाच, त्याच्या हातचा चहाही घेत नव्हत्या. रोज व्हरांड्यात यायच्या, तीच ओळ काढायच्या, आणि स्वयंपाकघराकडं डोळे वटारून पाहायच्या. एक दिवस उठल्या, पावडरचा डबा उचलला आणि त्याच्यापुढं आदळला. “घे. घरी लेकरू हाये तुह्यं, तर सांगून ने. चोरून नोको नेऊ.” मग बाहेर येऊन पान उलटलं. “सरकली बाप्पा गाडी!”

कृपा हा शब्द त्यांना एका गोंड बाळंतिणीनं सोडवून दिला. तिच्या सासूनं टोपलीभर मोहाची फुलं आणली होती. बाई ती टोपली घेऊन थेट माझ्या बापाच्या वाफ्यापाशी आल्या. मीही तिथंच होतो. “पाहा, बी. ए. मोहाच्या झाडावर चढा लागत नाई, तोडा लागत नाई. फूल आपल्या मनानं पडते. सकाळी जाऊन वेचलं का झालं. कृपा म्हंजे हेच हाये. फक्त उठा लागते.” बापाला ते इतकं आवडलं की पुढं कितीतरी दिवस तो मला झोपेतून उठवताना म्हणायचा, “उठ, कृपा पडून राह्यली.”

आता चर्चमधलं सांगतो. आमचं चर्च म्हणजे कौलारू खोलीच होती. दर रविवारी सगळे उभे राहून विश्वासाची कबुली एका सुरात म्हणत. आकाश-पृथ्वी घडवणारा देव, त्याचा पुत्र, वधस्तंभ, तिसरा दिवस, पापांची क्षमा. बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. टोकाच्या वॉर्डातला बहिरा रोगी वळून पाहील, असा तो आवाज होता. आणि “शरीराचे पुनरुत्थान”, म्हणजे मेलेल्यांचं देहासकट पुन्हा उठणं, आलं की तो बंद व्हायचा. एवढ्याच शब्दांपुरता. पुढच्या “सार्वकालिक जीवना”ला पुन्हा सुरू. घरातला दिवा मध्येच विझून पुन्हा लागावा तसं व्हायचं. सगळ्यांना कळायचं.

वॉर्डातला शिपाई एकदा म्हणाला, “म्हनून टाका ना बाई. मले त ते पुनर्उठान धड म्हनताबी येत नाई, तरी म्हनतो.”

“तुले समजत नाई म्हनून तू म्हनते,” बाई म्हणाल्या. “मले समजते, म्हनून मी गप.”

नगरकडचे नवे पाद्रीसाहेब आले, तेव्हा त्यांच्या मनाला हे लागलं. माणूस भला होता. ते मुद्दाम व्हरांड्यात येऊन बाईंच्या शेजारी बसले. त्यांना वाटलं, पायापासून समजावलं तर बाईंची शंका फिटेल. म्हणून त्यांनी एकात तीन असलेल्या देवापासून सुरुवात केली. “बाई, आपल्या भामरागडला तीन नद्या एकत्र येतात, पाहा—”

बाई उठून उभ्या राहिल्या. “पाद्रीसाहेब, नदीचं नाव नोका काढू.” आणि आत निघून गेल्या.

मग माझ्या बापानं त्यांना सांगितलं. बाईंचा नवरा जंगलखात्यात नाकेदार होता, जंगल राखणारा. मी नागपूरला शिकत असताना, भर पुरात, लाकूडचोरांच्या मागावर तो डोंग्यातून प्राणहिता ओलांडत होता. डोंगा मधोमध उलटला. बाकीचे पोहून काठाला लागले. याला लोकांनी सिरोंच्यापर्यंत शोधला, पण काही मिळालं नाही. पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, पहाटे आम्ही सगळे कबरस्तानात जायचो, जो तो आपापल्या माणसाच्या कबरीवर फुलं ठेवायचा. बाई त्या पहाटे वॉर्डाची ड्यूटी मागून घ्यायच्या. त्यांना फुलं ठेवायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच पाद्रीसाहेबांकडं गेल्या. मी तिथं चर्चच्या बाकांची डागडुजी करत होतो, म्हणून ऐकलं.

“जिवाचं मले सांगू नोका, साहेब. त्याचा जीव देवाजवळ हाये, ते मले केव्हाच पटलं. मी शरीराचं इचारून राह्यली. बंदूक टांगून टांगून त्याचा एक खांदा खाली झाला होता. मी चिडवत होती त्याले. मले तो खांदा पाह्यजे. तो जर पान्यानं नेला, मासोळ्यांनी खाल्ला, तर उठन काय? मले खोटं नाई म्हनता येत देवापुढं. म्हनावं वाटते, लय वाटते. पन येत नाई.”

पाद्रीसाहेबांनी बाकावरचा भुसा आपल्या हातानं पुसला आणि बाईंना बसवलं. त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो, तो त्या पुसण्यामुळं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात बाई भिजत माझ्या शाळेत आल्या. पदराखाली शास्त्र. माझा भूगोलाचा वर्ग चालू होता. पोट्टे उठून उभे राहिले, त्यांच्याकडं लक्ष न देता बाईंनी शेवटची पानं काढली आणि बोट ठेवलं.

“बी. ए., शेवटच्या दिवशी समुद्र आपल्यातले मेलेले परत देईन, असं लिहिलं हाये. समुद्र! सारं शास्त्र पाह्यलं मी. नदीचं कुठी लिहिलं हाये?”

मी छडी घेतली आणि भिंतीवरच्या नकाशावर दाखवलं. ही आपली प्राणहिता. इथं सिरोंच्याला गोदावरीत जाते. मग गोदावरी अशी डोंगरांमधून राजमहेंद्रीला जाते, आणि तिथून पुढं हा समुद्र.

“म्हंजे आपलं पानी सिरोंच्याले थांबत नाई?”

“नाही बाई. समुद्राला मिळेपर्यंत कुठंच थांबत नाही.”

त्यांनी ओलं बोट नकाशावर ठेवलं आणि अहेरीपासून निळ्या रेषेवरून हळूहळू नेलं. कागदावर ओलसर माग उमटला. टोकाला पोचल्यावर म्हणाल्या, “लय लंब गेला मंग.”

वर्गात कुणी हसलं नाही.

“तू पाह्यला का समुद्र?”

“नाही. पुस्तकात आहे.”

“म्हंजे तुह्यंबी ऐकलेलंच हाये,” म्हणाल्या, आणि छत्री न उघडता गेल्या.

उन्हाळ्यात त्यांनी रजा काढली. बल्लारशापर्यंत मोटार, तिथून रेल्वे. जन्मात चांद्याच्या पुढं न गेलेली बाई एकटी गेली. परतल्या तेव्हा काळवंडलेल्या होत्या, ओठ फुटलेले. मी विचारलं, “कसा आहे समुद्र?”

“खारा हाये. आन् त्याले काही ठेवून घेता येत नाई, बी. ए. मी दिवसभर काठावर बसून पाह्यलं. शिंपले आनून टाकते, काटक्या आनते, दोर आनते, कुनाची चप्पलबी आनून टाकली. घेते, पन परत देते. सवयच हाये त्याची.”

त्या रविवारी कबुली म्हणताना त्या शब्दांपाशी आम्ही सगळेच नकळत थांबलो. आणि बाईंनी ते म्हटले. त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता तो. अंधारात कुणाला हाक मारून पाहावी तसं, हळूच. पाद्रीसाहेब पुढचे शब्द विसरले. दर रविवारी म्हणणारा माणूस, पण विसरले. शेवटी शिपायानंच “सार्वकालिक जीवन” सुरू करून दिलं, म्हणून आम्ही आमेनपर्यंत पोचलो.

मला वाटलं, आता बाई निवांत होतील. झालं उलटंच. एकदा पटलं म्हटल्यावर त्यांना अहेरीत करमेना. त्यांनी खटपट करून समुद्राकाठच्या एका लहान दवाखान्यात बदली मागून घेतली. निघताना मोटारीत त्यांची पेटी मी चढवली.

“तिकडं सगळं तेलुगू, बाई. या वयात कसं जमेल?”

“शिकीन,” त्या म्हणाल्या. “त्यालेबी शिका लागलं असन.”

मोटार सुटली. नंतर त्या आल्या नाहीत. मी पुढं हेडमास्तर झालो, बाप गेला, पाद्रीसाहेब बदलून गेले. दुपारी कधी दवाखान्यावरून जायचं झालं, तर व्हरांड्याकडं पाहवत नसे. तिथं आता सायकली ठेवतात.

कितीतरी वर्षांनी तिकडचा एक कंपाउंडर आमच्याकडं आला. मी बाईंचं विचारलं. तो म्हणाला, “होत्या ना. ड्यूटी संपली की रोज काठावर जाऊन उभ्या राहायच्या. कोळणी विचारायच्या, इथं काय करता? तर बाई चांगल्या तेलुगूत सांगायच्या, आमच्या घरचं माणूस यायचं आहे. लांबून येतंय, म्हणून वेळ लागून राहिला.”