केझायाने उलटा वाचलेला कायदा

लंडनच्या त्या छापखान्यात वरच्या मजल्यावर बायका तावांच्या घड्या घालत. वाचत बसायचं नाही, असा नियम होता. शिवाय तावावर निम्मी पानं उलटीच असायची. केझाया थ्रप अकरा वर्षं ती उलटी पानं वाचत आली होती, हात न थांबवता.

शेजारी बसणाऱ्या लेटिसला याचा पत्ता नव्हता. तिला एवढंच ठाऊक होतं, की केझायाचा नवरा जोब तिला टाकून गेला, तीन वर्षांनी उगवला आणि तिचं कपडे पिळायचं यंत्र विकून पुन्हा पसार झाला. बायकोची कमाई नवऱ्याचीच. कायदाच तसा होता. केझायाने पोटाला चिमटा काढून दुसरं यंत्र घेतलं. आता जोब परत आल्याची खबर होती.

"लपव बाई ते कुठेतरी," लेटिस म्हणाली.

"लपवू कशाला? कोर्टात जाते. चल सोबत."

घटस्फोटाचा नवा कायदा नुकताच झाला होता. धार्मिक मासिक संसार बुडाले म्हणून गळा काढत होतं, विनोदी साप्ताहिक बायकांची चित्रं काढून खिदळत होतं. केझायाने दोन्हींच्या घड्या घातल्या. पण पेनीच्या एका साप्ताहिकात, वाचकांना उत्तरं द्यायच्या सदरात, 'टाकलेली' अशी सही करून विचारणाऱ्या कुणा बाईसाठी चार ओळी होत्या. टाकलेल्या बाईच्या कमाईला मॅजिस्ट्रेट संरक्षण देऊ शकतो.

मॅजिस्ट्रेटपुढे केझायाने सगळं न अडखळता मांडलं.

"कुठल्या वकिलाने पढवलं?"

"वकील कुठला परवडायला, साहेब! मी कागदांच्या घड्या घालते."

लेटिस तिच्याकडे बघतच राहिली. घरमालकिणीची साक्ष झाली. हुकूम मिळाला.

शनिवारी लेटिस केझायाच्या दारात पायरीवर बसली होती, तेव्हा जोब हातगाडी घेऊन आला. बरोबर गुत्त्यातला दोस्त.

"बायकोचं ते माझं. हो बाजूला, केझी."

तिने हुकूम पुढे धरला.

"मला वाचता येत नाही, माहितीय तुला. काय वाट्टेल ते लिहिलेलं असेल!"

"मग याला वाचू दे. हा तर तुझाच माणूस ना?"

दोस्त हसत हसत वाचू लागला. मग हसू ओसरलं. एकेक शब्द लावत तो शेवटपर्यंत गेला.

"जोब, गाडी फिरव."

"का रे?"

"यंत्र तिचं आहे. उचललंस तर दुप्पट भरावं लागेल तुला."

गाडी रिकामी खडखडत गेली. लेटिस पायरीवरूनच गाडीकडे बघत होती. केझाया आत जाऊन शेजारणीची ओली चादर यंत्राच्या रुळांत सरकवत होती.

"बघत काय बसलीस, पोरी? दुसरं टोक धर."