कडुलिंबाभोवतीची वाट

माझ्या मुलीची झोळी मी विळ्यानं कापली होती. ती तेव्हा पाच महिन्यांची होती आणि झोपत नव्हती, एवढाच तिचा गुन्हा. याला आता वीसेक वर्षं झाली. मधल्या काळात मी पुष्कळांना पुष्कळ गोष्टी सांगितल्या, ही सांगितली नाही.

मी जबलपूरच्या स्टेशनात तारबाबू होतो आणि तेव्हा मला रातपाळी असे. आमचं मूळ घर अमरावतीकडचं. वडील मध्यप्रांताच्या सरकारी नोकरीत इकडे आले आणि मी इथंच राहिलो. गोरखपुरात, अरुंद रुळांच्या छोट्या लाइनीच्या अलीकडे, दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. घरात मी, माझी बायको आणि ती पोर. रात्रभर तारेची टकटक ऐकून मी सकाळी यायचो, आंघोळ करून जेवायचो आणि संध्याकाळपर्यंत झोपायचो. तारेतलं एक अक्षर चुकलं तर दोन गाड्या एका रुळावर येतील, असं मी ज्याला त्याला सांगत असे. ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते मला बायकोवर वापरता आलं.

पोरीचा डोळा लागायचा आणि आपण निःश्वास सोडतो न सोडतो तोच उघडायचा. रात्री तेच, दिवसाही तेच. वेखंड उगाळून झालं, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली, पायांवर घेऊन, पोटावर पालथी घालून झाली. त्यातल्या त्यात झोळीत ती जरा टिकायची. झोळी सासूबाईंनी बारशाला पाठवलेली. त्यांचंच एक जुनं नऊवारी लुगडं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, सोबत सुती दोर आणि लोखंडी आकडा. आकडा मी आढ्याला अडकवला होता. झोका दिला की तो करकरायचा.

बायकोनं मला सांगितलं होतं, "अहो, त्या आकड्याला थेंबभर तेल लावा ना. माझा हात पोचत नाही." मी "लावतो" म्हटलं. काही दिवसांनी तिनं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा "लावतो" म्हटलं.

चैताच्या सुरुवातीची गोष्ट. रात्री काम फार झालं होतं आणि डोकं ठणकत होतं. अंथरुणाला पाठ टेकली आणि करकर सुरू झाली.

"काहून झोके देऊन राहिली?" मी ओरडलो. "घडीभर डोळा लागू देशील का नाही?"

"थांबवला की उठते ती."

"उठू दे! मी काय रात्री खेळायला जातो?"

"हळू बोला. आत्ताच लागला आहे डोळा."

ते "हळू बोला" मला झोंबलं. मी उठलो. पोरीला झोळीतून काढून बायकोच्या हातात दिलं, कोपऱ्यातला विळा घेतला आणि दोर कापला. विळ्याचं टोक लुगड्यात घुसलं आणि ते हातभर फाटलं. आकडा उपसून मी मागच्या विहिरीत फेकला आणि बजावलं, "या घरात पुन्हा झोळी दिसता कामा नये."

बायको रडली नाही. पोर मात्र किंचाळत होती. तिला छातीशी धरून ती एवढंच म्हणाली, "लेकराच्या झोळीला विळा लावला तुम्ही."

आमच्याकडे रिकामा पाळणासुद्धा हलवू देत नाहीत. आणि ही तर माहेरची झोळी, तिच्या आईच्या अंगावरच्या लुगड्याची. मला हे सगळं माहीत होतं. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून घर शांत झालं.

मी इतका गाढ झोपू लागलो की स्टेशनात सगळ्यांच्या लक्षात आलं. मालधक्क्यावरच्या एका वयस्क बाबूंनी विचारलं, "क्यों बाबूजी, बिटिया सोने लगी?"

"शिस्त लागते, दादा," मी ऐटीत म्हणालो. "एक दिन कड़क हुआ, बस."

"अच्छा! हमारे तो छह हैं," ते हसून म्हणाले. "हम आज तक कड़क नहीं हो पाए."

मला तो माझा गौरव वाटला.

घरी महिनाभरात बायको वाळत चालली होती. रंग काळवंडला, ओठ फुटले. भाकर थापता थापता तिचा हात परातीतच थांबायचा. वरण करपू लागलं. एकदा मी पाणी मागितलं तर तांब्या हातात घेऊन ती माझ्यासमोर नुसतीच उभी राहिली, कशाला आली हे विसरल्यासारखी.

"लेकरू दिवसभर गपचिप झोपते," मी म्हणालो, "अन् तू काय करून राहिली? तिच्यासोबत झोपाच काढतेस ना?"

तिनं खाली पाहत पीठ मळायला घेतलं. त्यावरून मला वाटलं, माझं खरंच आहे. मग मी सांगून टाकलं की पुढच्या आठवड्यात तुला माहेरी पोचवतो, घर सांभाळायचं मनावर घेशील तेव्हा ये.

त्या काळी नवऱ्यानं असं पोचवून देणं म्हणजे काय, ते सांगायला नको. तिच्या पाठच्या बहिणीची सोयरीक चालली होती. थोरली नांदत नाही म्हटल्यावर धाकटीच्या दारात कोण उभं राहणार? बायकोनं पीठ लागलेले हात पुसले आणि म्हणाली, "थोडे दिवस द्या. मी सुधारते."

तिनं तसं म्हटलं आणि मी मान डोलावली, एखाद्या साहेबासारखी.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी, भर दुपारी कुणीतरी दार वाजवलं. मी चरफडत उठलो. दारात एक अनोळखी बाई, कडेवर रडून लाल झालेलं पोर.

"नीम वाली बहूजी निकल गईं क्या?"

"कौन बहूजी?"

"अरे, आपके ही घर की। मन्नत वाली।"

मी मागं वळून पाहिलं. घरात कुणी नव्हतं. माझं संध्याकाळचं धोतर घडी करून ठेवलेलं, चूल सारवलेली, माठावर झाकण. मी जोडे पायात सरकवले आणि त्या बाईच्या मागं निघालो. छोटी लाइन ओलांडली, काळ्या दगडांच्या ढिगाऱ्याला वळसा घातला. ऊन असं की नजर वर उचलत नव्हती. बाई चालता चालता बोलतच होती. तिचं पोर काही केल्या झोपत नव्हतं, आणि सगळ्या म्हणतात की बहूजींच्या मागं मागं फेरे घातले की लेकरं झोपतात.

दगडांपलीकडे माळावर एक जुना कडुलिंब होता. आसपास सावली म्हणून तेवढीच. बाजारात जातायेता तो मी पाहिलेला होता. तेव्हा तो नुसता कडुलिंब होता. आता त्याच्या बुंध्याला लाल दोरे गुंडाळलेले, मुळाशी एक शेंदूर लावलेला गोटा, हिरव्या बांगड्या, फोडलेला नारळ. चार-पाच बाया मांडीवर लेकरं घेऊन बसलेल्या.

"जूते उतारो, भैया," त्यातली एक म्हातारी माझ्यावर खेकसली. "माई का थान है।"

"कौन-सी माई?"

"निंदिया माई। और कौन?"

मी जोडे काढले. जमीन तापलेली होती. खाली पाहिलं तेव्हा बुंध्याभोवती एक गोल वाट दिसली. बाकी सगळीकडे वाळलं गवत होतं आणि त्या वाटेवर काडी नव्हती. माती दबून दबून गुळगुळीत झालेली. माझ्या मनात आलं, इथं पूर्वी तेलाचा घाणा असणार, ही बैलाची वाट.

तेवढ्यात बुंध्यामागून माझी बायको आली.

पोर खांद्यावर, दोघींच्या डोक्यावरून ओला पदर. एक हात पोरीच्या पाठीवर आणि दुसऱ्या हाताची बोटं बुंध्याच्या सालीवरून सरकत होती, आंधळ्यानं भिंत धरून चालावं तशी. तिचे डोळे मिटलेले होते. ती झोपलेली होती. पाय चालत होते आणि ती झोपलेली होती.

भेडाघाटला मी नर्मदेला उंचावरून कोसळताना पाहिलं आहे, लोक तिथं हात जोडतात, मीही जोडले आहेत. पण अंगावर असा काटा तिथं कधी आला नाही. माझ्या हातभर अंतरावरून ती गेली. तिच्या केसांत लिंबाचा बारीक फुलोरा अडकला होता. दुधाचा वास आला. तिनं मला पाहिलं नाही. पुढं एका मुळाशी तिचं पाऊल अडखळलं, ती थांबली, आणि तत्काळ खांद्यावरचं डोकं हललं. डोळे न उघडता तिनं पुढचं पाऊल टाकलं. डोकं पुन्हा खांद्याला टेकलं.

माझ्याबरोबर आलेली बाई चप्पल काढून तिच्या मागं चालू लागली. ती वाट तिलाही लागू पडली. दोन-तीन फेऱ्यांत तिचं पोर गप्प झालं.

"देखो, देखो," म्हातारी कुजबुजली. "बदन में माई आई है।"

मी सांगायला हवं होतं की अम्मा, ही माई नाही, ही माझी बायको आहे. हिला झोप आली आहे. रात्री मी स्टेशनात असतो तेव्हा ही पोरीला घेऊन जागते, आणि दिवसा मला झोप मिळावी म्हणून ही घराबाहेर चालत असते, कारण पोर आता चालत्या खांद्याशिवाय कुठंच टिकत नाही. या झाडाच्या फांद्या काही टांगायला फार उंच आहेत, आणि झोळी मी कापली आहे. यातलं एक अक्षर मी बोललो नाही. सगळ्यांनी हात जोडले होते, मीही जोडले.

पुढच्या फेऱ्याला मी तिच्या बरोबरीनं चालू लागलो आणि हळूच म्हणालो, "दे इकडं."

तिनं डोळे उघडले. मला ओळखायला तिला वेळ लागला. मग चेहऱ्यावर भीती आली.

"उठलात काहून?" ती म्हणाली. "रडली का ही? घरापर्यंत आवाज आला?"

मी पोरीला घेतलं. एवढ्याशा जिवाचं ओझं माझ्या खांद्यावर आलं आणि मी थांबलो तशी ती चुळबुळली. मी चालू लागलो. बायको मुळांवर बसली, आणि पाठ बुंध्याला टेकायच्या आत झोपली. तोंड उघडं, एक हात गोट्याशेजारी शेंदरात पडलेला. म्हातारीनं तिच्या तोंडावरच्या माश्या पदरानं वारल्या.

"अब बाबूजी की मन्नत चालू हुई," कुणीतरी म्हणालं आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

मी सावल्या लांब होईपर्यंत फेरे घातले. पायांचे तळवे भाजले, कंबर भरून आली, खांदा बधिर झाला. हे ती रोज करत होती. डोळे मिटून चालायचं मी एकदा करून पाहिलं. दोन पावलांत तोल गेला.

माहेरी पाठवण्याचं मी पुन्हा काढलं नाही. "तिकडं ऊन फार आहे, राहू दे," एवढंच म्हणालो. तिनंही विचारलं नाही. पुढं रोज मी लवकर उठून पोरीला लिंबाखाली नेऊ लागलो, पावसाळा लागेपर्यंत. मग हळूहळू ती आपली आपण झोपू लागली, लेकरं झोपू लागतात तशी. फेरे घातले म्हणजे फेड झाली, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली. तोंडानं बोलायला मात्र जीभ उचलली नाही. जितके दिवस जात, तितकं ते अवघड होत गेलं. त्या लिंबाला आजही दोरे बांधलेले आहेत. दूरदूरच्या बाया येतात. तिथून जाताना बायको पुढं पाहत चालते आणि मी जमिनीकडे.

गेल्या महिन्यात तीच मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. नातू झाला. तो झोपत नाही. डोळा लागतो आणि उघडतो, अगदी तसाच. बारशाची झोळी माहेरानं द्यायची, आणि आता माहेर म्हणजे मी. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन मी सुती दोर आणला, आकडा आणला. स्टुलावर चढून आढ्याला लावला. लावण्याआधी त्याला तेल चोळलं, आणि दोर ओढून ओढून पाहिला. आवाज नाही.

बायको खाली उभी राहून पाहत होती.

"तेल लावलंत वाटतं?"

"हो."

"चलो," ती म्हणाली. "लावतो म्हणाला होतात, लावलंत एकदाचं."

मग ती आत गेली आणि ट्रंकेतून घडी घातलेलं लुगडं घेऊन आली. तेच होतं. सासूबाई जाऊनही आता किती वर्षं झाली. मधोमध हातभर लांब रफू, टाके इतके बारीक की बोट फिरवल्यावरच कळावेत.

मुलीनं बाळाला मांडीवर थोपटता थोपटता हात लावून पाहिला. "आई, हे फाटलेलं आहे ना?"

"जुनं आहे," बायको म्हणाली. "विरलं असेल."

ती पुन्हा माझ्यावर पांघरूण घालत होती, मुलीसमोर. मी स्टुलावरून उतरलो.

"विरलं नाही," मी मुलीला म्हणालो. "मी विळा लावला होता. तू यात झोपायचीस." मग बायकोकडे वळलो. ती लुगड्याची घडी छातीशी धरून उभी होती. "तू तेल लाव म्हणालीस, मी लावलं नाही. तुझ्या आईची झोळी कापली. तू चालता चालता झोपत होतीस, आणि मी तुझ्याकडून 'सुधारते' म्हणवून घेतलं. माझं चुकलं. मला क्षमा कर."