अँटेनेवरचं वार्निश

आमचा धाकटा भाऊ आनंदा म्हणजे भित्री भागूबाई. दर्यावरच्या खारव्याच्या पोटी जन्मून झुरळाला भ्यायचा! पण डोकं तल्लख. शिकला, बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत टेक्निशियन झाला. हंगामीच, कायम करायचा कागद सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात निघणार होता.

त्याच वर्षी जानेवारीत प्रयोगशाळेचं विमान रत्नागिरीच्या धावपट्टीवर आलं. ढगांआडूनही जमिनीचं चित्र काढणारं रडार त्यात बसवायचं होतं. त्याची अँटेना तिथल्या शास्त्रज्ञ सप्रेबाईंनी दोन वर्षं खपून तयार केलेली. आधीच्या अँटेना अवजड, छोट्या विमानाला पेलायच्या नाहीत. ही म्हणजे सुपाएवढी पातळ पाटी, वर तांब्याचे चौसष्ट चौकोन. पेट्या उचलायला आनंदाने मला रोजावर लावलं.

पाटी बघितली नि मी बोललो, "मेल्या, उघडं तांबं? आपल्या वाऱ्यात दोन दिवसांत कळकेल. वार्निश मार!" होडीसाठी आणलेला डबाही मीच दिला. खाऱ्या वाऱ्यात उघडं काही ठेवायचं नाय, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. संध्याकाळी त्याने दोन हात मारले. बाईंना विचारावं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही, माझ्या तर नाहीच नाही.

सकाळी बाईंनी पाटीला मोजायचं यंत्र जोडलं. आकडे भलतेच! पुन्हा जोडलं, तेच. प्रयोगशाळेचे मोठे साहेब म्हणाले, "डिझाइनच चुकलंय. विमान परत न्या. हे काम बंद." बाई मटकन खाली बसल्या.

आनंदा पांढराफटक पडला. मला पेट्यांमागे ओढून म्हणाला, "दादा, ते चौकोन केसभरही न चुकता मापून केलेत. वर थर चढला की लहरींचं गणित सरकतं. आपलं वार्निश नडलं."

सरकारी विमान ते! घातपात म्हणून दोघांना आत टाकलं तर? "गप ऱ्हा," मी म्हटलं. "आवशीचा घो, नोकरी जाईल तुझी!"

"बाईंची दोन वर्षं जातील त्याचं काय?" एवढंच बोलला, आणि गेला की हो सरळ साहेबांसमोर! वार्निश आपण मारलं, डिझाइन बरोबर आहे, असं सांगितलंन.

साहेब कडाडले, "कुणाच्या सांगण्यावरून? डबा कुठून आला?"

मी जवळच उभा होतो. बोल, धाकू, बोल, असं मन म्हणत होतं, पण मी पेटी उचलायला खाली वाकलो. भीतीने माझं धोतर भिजायचं तेवढं बाकी होतं. आनंदा माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुणी नाही, साहेब. माझंच डोकं."

बाईंनी थिनरने पाटी पुसली. आकडे जागेवर आले, दुपारी विमान उडालं. आनंदाला साहेबांनी त्याच दिवशी कामावरून काढलं.

घरी आईने विचारलं, "धाकू, तू होतास ना तिथे? भावासाठी एक शब्द टाकला नाहीस?"

"मी लांब होतो गे. काय झालं ते कळलंच नाही."

आनंदा समोरच जेवत होता. त्याने मान वर केली नाही. तेव्हापासून त्याच्यासमोर जेवायला बसायची मला भीती वाटते.