पटाच्या दिवशीचा सामना

मागच्या वर्षी आमच्या गावचा चषक माझ्यामुळे गेला. गावात असं कोणी म्हणत नाही, मीच म्हणतो.

मी कोल्हापूरकडचा, आठवीत शाळा सोडलेला माणूस. शाळेतून दोनच गोष्टी सोबत आल्या, वाचायची सवय आणि बेसबॉल. पळण्यात मी मंद, म्हणून खेळाचे सर मला स्कोअर लिहायला बसवायचे. पुढे फिटरचं काम शिकलो आणि कामामागं फिरत फिरत भंडारा जिल्ह्यात आलो. आंधळगावच्या पलीकडं एका गावात राईस मिल आहे, तिथली यंत्रं मी बघतो. आलो त्याच आठवड्यात तापानं पडलो. ज्यांच्या घरची मागची खोली भाड्यानं घेतली होती, त्या घरच्या वहिनींनी पाच दिवस मला भाताची पेज पाजली. नाव विचारायचं त्यांना सहाव्या दिवशी आठवलं. त्या घराचं माझ्यावर जे आहे ते फिटण्यातलं नाही, आणि म्हणूनच पुढची गोष्ट मनाला इतकी लागली.

वहिनींचा नवरा म्हणजे आमच्या बेसबॉल संघाचा कप्तान. मी त्यांना भाऊ म्हणतो. चाळिशी ओलांडलेला, धानाची शेती करणारा माणूस. त्यांच्या लहानपणी तालुक्याच्या शाळेत कोणी सरांनी हा खेळ शिकवला, ती पोरं मोठी झाली तरी खेळायची थांबली नाहीत. आता सहा गावांचे सहा संघ आहेत. धान कापून झालं की रिकाम्या बांध्यांमधले, म्हणजे भातखाचरांमधले, मातीचे धुरे सपाट करायचे, चुना मारायचा, की झालं मैदान. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतो, म्हणजे दहा सामने, दर रविवारी एक. मग पहिले चार संघ उपांत्य फेरीत. तिथं आणि अंतिम लढतीतही एकच सामना, हरला तो घरी. ही पद्धत कबड्डीवरून उचललेली.

मला स्कोअर लिहिता येतो हे कळल्यावर सगळ्यांनी मिळून वेळापत्रकही माझ्यावर टाकलं. मी कॅलेंडर समोर ठेवलं. सण टाळले, आंधळगावचा बाजार टाळला, लग्नाच्या तिथ्यासुद्धा टाळल्या. पट टाळायला पाहिजे हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

इकडं हिवाळ्यात गावोगावी शंकरपट भरतो. बैलांच्या जोड्या पळवतात. पण पट म्हणजे नुसती शर्यत नाही. त्या दिवशी लेकी-जावई येतात, सोयरे येतात, घराघरात पंगती उठतात. आपल्या गावच्या पटाला माणूस घरी नसणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवल्यासारखं. आणि पटाची तारीख कोणी लिहून ठेवत नाही, ती सगळ्यांना माहीतच असते. मला नव्हती. संघातल्यांना वाटलं मी पट बघूनच तारखा टाकल्या असतील. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दहापैकी नऊ सामने जिंकून आमचा संघ पहिला आला. आणि उपांत्य सामना पडला नेमका आमच्या पटाच्या दिवशी, आंबागडच्या बाजूच्या संघाशी, त्यांच्या मैदानावर. त्यांना तारीख बदला म्हटलं, तर त्यांचे पाहुणे अंपायर आधीच येऊन बसलेले. आमचे सात जण गेले. दोन जागांवर ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि त्याचा मेव्हणा उभे केले. भाऊ आमचे पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, पण थोरले जावई स्वतःची जोडी घेऊन पटाला आलेले. जावयांना सोडून निघायला भाऊंना दुपार झाली. मोटरसायकलवरून पोचले तेव्हा शेवटची इनिंग चालू होती. बॉल हातात घ्यायलाही मिळाला नाही, आणि आम्ही हरलो.

भाऊंचा खांदा दोन वर्षांपासून धरलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जास्तीत जास्त आणखी एक-दोन हिवाळे. चषक त्यांच्या हाती कधीच आला नव्हता.

मी परतीच्या वाटेवर माफी मागायला लागलो तर म्हणाले, "तू कायले रडून राहिला बे? पट का तुया बापानं ठेवला होता?"

वहिनींनी पंगतीत मला नेहमीसारखंच वाढलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

उन्हाळा लागला तशी अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे सामने सुरू झाले. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. मिलला जायच्या आधी मी मोबाइलवर बघायचो. भाऊही चहाचा कप घेऊन शेजारी बसायला लागले. रोज सामना असतो हे बघून ते चाट पडले.

"रोज? यायले घरदार हाय का नाही?"

"दीडशेच्या वर सामने असतात भाऊ, सहा महिने."

"मंग तर जो पयला येईन तो पक्काच पयला म्हणा ना."

मला बरोबर हेच बोलायचं होतं. बेसबॉलमध्ये एका दिवसाचं काही खरं नसतं. चांगला संघसुद्धा दर दोन-तीन दिवसांआड हरतो, वाईट संघही मधूनच जिंकतो. कोण खरंच चांगलं हे कळायला लांब हंगामच लागतो. पण तो सहा महिन्यांचा हिशोब झाला, की ऑक्टोबरमध्ये पाच-सात सामन्यांच्या छोट्या मालिकेत सगळं नव्यानं. पहिला आला त्याला थोडी विश्रांती आणि घरचं मैदान मिळतं, बस. त्या ऑक्टोबरात आम्हा दोघांना आवडणारा संघ असाच गेला. हंगामभर पुढं आणि आठवड्यात बाहेर.

भाऊंनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाले, "बिचाऱ्यायच्या गावात पट असंन."

मी हसलो, आणि हसता हसता डोळ्यात पाणी आलं. त्यांना दिसलं असावं, कारण ते उठून बैलांकडं गेले.

मला जपानमधल्या लीगचं वाचलेलं आठवलं. तिथं शेवटच्या टप्प्यात हंगामात पहिल्या आलेल्या संघाला एक विजय आधीच दिलेला असतो. आव्हान देणाऱ्यानं तेवढं जास्त जिंकून दाखवायचं. मला वाटलं, अमेरिकेनं हे घ्यावं. सामने थोडे कमी केले तरी चालतील, पण खेळलेल्या सामन्यांना शेवटपर्यंत वजन असावं. अमेरिका माझं ऐकणार नव्हती. सहा गावं कदाचित ऐकतील.

धान घरात आल्यावर मोहाडीच्या एका चहाच्या दुकानात सहाही कप्तान बसले. मी कागद काढला. पहिली गोष्ट, आधी सहाही गावांनी पटाच्या तारखा सांगायच्या, मगच वेळापत्रक. दुसरी, उपांत्य फेरी बंद. पहिला आणि दुसरा, दोघांतच अंतिम लढत. पहिल्यानं एक सामना जिंकला की चषक त्याचा. दुसऱ्याला लागोपाठ दोन जिंकावे लागतील, मध्ये एक रविवार सोडून.

आंबागडच्या बाजूचा कप्तान उसळला. "म्हंजे एक सामना आधीच खिशात? वा जी! नऊ जिंकणाऱ्यायसाठीच नियम बनवला वाट्टे."

"नऊ कोणीही जिंकू शकते ना जी," मी म्हणालो. त्यांच्या बोलीत बोलायला गेलो की माझी जीभ अडखळते, सगळे हसले.

"याच्या घरमालकाले विचारा," एक जण म्हणाला, "भाडं माफ केलं का म्हणून!"

मी कागद घडी घालायला लागलो. तेवढ्यात भाऊ म्हणाले, "यंदा आमी दुसरे आलो तर आमालेबी दोनदा जिंका लागंन. मले मंजूर हाय. तुमाले पयलं यायची भीती वाटून राहिली का?"

यावर सहाही कप्तानांनी कागदावर सही केली.

आणि झालं तसंच. यंदा आंबागडच्या बाजूचा संघ आठ जिंकून पहिला, आम्ही सात जिंकून दुसरे. पहिल्या लढतीत भाऊंनी असा काही बॉल टाकला की समोरच्यांना चारच वेळा बेसवर पाय ठेवता आला. आम्ही जिंकलो. जुन्यासारखी एकाच सामन्याची अंतिम लढत असती तर त्या संध्याकाळी चषक आमच्या घरात असता.

नंतरचे चौदा दिवस मी गावात मान वर करून चाललो नाही. पानठेल्यावर एकानं विचारलंच, "काय कोल्हापूरवाले, कायदा कोन केला होता गा?" वहिनी रोज लसूण टाकून तेल गरम करायच्या आणि भाऊंचा खांदा चोळायच्या. मी खोलीतून ऐकायचो. नियम मोडायला सांगावं असं मला वाटलं नाही म्हटलं, तर ते खोटं ठरेल. दोनदा वाटलं.

दुसरी लढत आमच्या बांधीत झाली. सारं गाव धुऱ्यांवर बसलेलं. पाचव्या इनिंगपर्यंत आम्ही पुढं होतो. मग भाऊंचा हात कानाच्या वर जाईना. त्यांनी स्वतःच दुसऱ्याला बोलावलं, बॉल त्याच्या हातात ठेवला आणि मुठीवर थोपटलं. आम्ही एका धावेनं हरलो.

समोरच्या कप्तानानं चषक उचलायच्या आधी येऊन भाऊंना मिठी मारली. "नियम बराबर होता जी," तो माझ्याकडं बघून म्हणाला.

घरी येताना भाऊ बॅटची पिशवी डाव्या खांद्यावर घेऊन चालत होते. मी म्हणालो, "भाऊ, माझ्यामुळं दोनदा..."

"थांब," ते म्हणाले. "यंदा मी हारलो. पूरा खेळलो न् हारलो. मागच्या वर्षी मले हाराले बी भेटलं नवतं."

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी पिशवी माझ्या खांद्यावर दिली. "आता पट पुढच्या सोमवारी हाय, लिहून ठेव. अन् तुया मायबापाले बोलाव. तिकून याले दोन दिवस लागंन, आताच फोन लाव."

मी तिथंच धुऱ्यावर बसलो आणि आईला फोन लावला.