मोजमाप घ्याले आला का?

गावात कुणी गेलं की तिरडी बांधायला माझ्या बाबांना बोलावणं येतं. बांबू, सुतळी, मडकं, सगळं तेच बघतात. जुनं भांडण आठवत नाहीत, पैसा घेत नाहीत. ज्याचं काम केलं तो आभार मानायलाही उठत नाही. याहून निष्काम कर्म कोणतं, हे सप्ताहाच्या महाराजांनाच विचारावं. शाल-नारळ घेऊन, मोठ्या गाडीतून येऊन, ते या विषयावर फार सुंदर बोलतात.

बाबांना फळाची अपेक्षा नाही, तरी फळ मिळतंच. लग्नाच्या पंगतीत त्यांना कुणी आग्रह करत नाही. कुणाच्या दारासमोर ते जरा थांबले, तर आतला म्हातारा खोकला दाबून धरतो. मी घराण्यातली पहिली बी.ए.; अंधश्रद्धेवरच्या भाषणाला कॉलेजात बक्षीस मिळवलेली. गावात ते भाषण अजून कुणी मागितलेलं नाही.

यंदा हिवाळ्यात बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त सावंगीला दवाखान्यात भरती झाला. बाबांना त्याला भेटायचंच होतं. मी त्यांना स्कूटीवर घेऊन गेले. वॉर्डाच्या दारात दोस्ताचा मुलगा हात आडवा लावून उभा राहिला. महाराजांच्या प्रवचनाला पहिल्या रांगेत मान डोलावणारा तो हाच.

"काका, तुमी काऊन आले जी? डॉक्टर म्हणते बरं आहे म्हणून."

"बरं आहे म्हणूनच आलो," बाबा म्हणाले. "नसतं तर तूच बोलावलं असतं."

मुलगा ओशाळला, पण हात काही खाली आला नाही. मी भाषण सुरू करणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोन आहे बे? मोजमाप घ्याले आला का?"

"हो, पाय सरळ कर," म्हणत बाबा त्या हाताखालून आत शिरले. "तुहे पाय लंबे. एवढा बांबू गावात नाई. घरी चाल."

दोस्त इतका हसला की नर्स धावत आली.

तो बरा होऊन घरी आला. मुलानं सत्यनारायण घातला, सगळ्या गावाला बोलावलं. बाबा तेवढे राहिले. संध्याकाळी दोस्त स्वतःच काठी टेकत, प्रसादाचा द्रोण घेऊन आमच्या ओट्यावर आला.

"पोरगं म्हणते, काकाले बोलावू नोका," तो बाबांना म्हणाला. "म्या म्हटलं, एक दिवस तर बोलावशीनच ना बे!"

बाबांनी शिरा तोंडात टाकला.

"साखर कमी पडली," म्हणाले.